टेस्ला पी४० साध्या बी४५० बोर्डावर: कार्ड लावलं की डिस्प्लेच येत नाही

अर्धाकप

सर्व्हरमधून निघालेलं एनव्हीडिया टेस्ला पी४० (२४ जीबी) हे ग्राफिक्स कार्ड घेतलं आहे. काम दोनच: घरच्या मशीनवर भाषा-मॉडेल चालवणं आणि जमलं तर ब्लेंडरमध्ये रेंडर. गेम खेळायचे नाहीत.

मशीन असं: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा एटीएक्स बोर्ड, १६ जीबीच्या दोन रॅम, ६५० वॉटचा गोल्ड मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, डिस्प्लेसाठी जीटी ७१० हे छोटं ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० आणि उबंटू २४.०४ वेगवेगळ्या एसएसडीवर आहेत.

पी४० पहिल्या स्लॉटमध्ये, जीटी ७१० खालच्या मोठ्या स्लॉटमध्ये. बटण दाबलं की पंखे फिरतात, स्क्रीन काळा, बोर्डावरचा व्हीजीए दिवा (ग्राफिक्सची अडचण दाखवणारा) लागून राहतो. पी४० काढलं की सगळं पूर्ववत. बोर्ड बनवणाऱ्याच्या सपोर्ट यादीत हे कार्ड अर्थातच नाही.

आणखी दोन शंका. कार्डाचं ८ पिनचं सॉकेट नेहमीच्या ग्राफिक्स कार्डाच्या वायरीशी जुळत नाही. विक्रेत्याने दोन वायरींची एक करणारा अडॅप्टर दिलाय, सध्या तो लावलाय. एकाने सांगितलं की अडॅप्टर कशाला, प्लगचे कोपरे घासले की वायर सरळ बसते. खरं का? आणि कार्डावर पंखाच नाही, त्याचं काय करायचं?

वायरमन४२

कोपरे घासू नका. आधी एवढंच वाचा, बाकीचं नंतर.

पी४० ला लागतो तो सीपीयूचा ८ पिन, म्हणजे ईपीएस. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिन हा वेगळा प्राणी. ईपीएसमध्ये क्लिपच्या बाजूच्या चारही पिनांवर १२ व्होल्ट आणि समोरच्या चारही ग्राउंड. ग्राफिक्सच्या प्लगमध्ये नेमकं उलट: क्लिपच्या बाजूला ग्राउंड आणि सेन्स (प्लग ओळखण्याची पिन), १२ व्होल्टच्या तीनच पिना, त्याही समोरच्या ओळीत. घासून बसवलात तर १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला भिडतो. एसएमपीएस चांगला असेल तर ट्रिप होऊन बसेल, नसेल तर कार्ड जाईल. ते कोपरे गोल-चौकोनी केलेले असतात ते याचसाठी.

अडॅप्टर असेल तर प्लग कार्डात घालण्याआधी मल्टिमीटर लावा. एसएमपीएस सुरू करून अडॅप्टरच्या टोकाला मोजा: क्लिपच्या बाजूच्या चारही पिनांवर १२ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला चारही शून्य. एक जरी पिन चुकली तर अडॅप्टर कचऱ्यात. बाजारात दिसायला सारखे पण ग्राफिक्सचाच ८ पिन देणारे अडॅप्टर भरपूर आहेत. आणि अडॅप्टरच्या दोन शेपट्यांना एसएमपीएसकडून दोन वेगळ्या केबली द्या. एकाच केबलवरची दोन टोकं त्यात खोचली तर दोन शेपट्या असण्याला अर्थच राहत नाही.

तुमच्याकडे मात्र त्याहून सोपा मार्ग बहुधा आहे. ६५० वॉटच्या बऱ्याच मॉड्युलर एसएमपीएसमध्ये सीपीयूच्या दोन केबली येतात (४+४) आणि बी४५० बोर्डाला सहसा एकच लागते. दुसरी केबल खोक्यात पडलेली असेल. ती थेट पी४० मध्ये जाते, अडॅप्टर नको. कार्डाचे सगळे २५० वॉट त्या केबलवरून आले असं धरलं तरी २०.८ अँपिअर, चार पिनांत वाटून दर पिनेला ५.२. चांगल्या केबलला हे जड नाही. केबल त्याच एसएमपीएसबरोबर आलेली हवी. दुसऱ्या कंपनीची मॉड्युलर केबल प्लग बसला तरी लावू नका, एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते.

काळ्या स्क्रीनचं कारण वीज नसावी. ते बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) आहे, त्यावर करडई लिहितील असं वाटतं.

करडई

लिहितो.

व्हीजीए दिव्यामुळे लोक कार्डावर संशय घेतात आणि परत करतात. कार्ड बहुतेक ठणठणीत असतं. साधं गेमिंग कार्ड बोर्डाकडे २५६ एमबीची पत्त्याची खिडकी मागतं. पी४० मागतं ३२ जीबीची, कारण सगळी मेमरी एका खिडकीतून दिसावी अशीच त्याची रचना आहे. ४ जीबीच्या खालच्या पत्त्यांत ३२ जीबी मावणार कुठे? बायोस जागा शोधतो, सापडत नाही, तिथेच थांबतो. अंकी डिस्प्ले असलेल्या बोर्डांवर अशा वेळी डी४ हा कोड दिसतो, त्याचा अर्थ पीसीआयची संसाधनं संपली.

उपाय म्हणजे अबव्ह ४जी डीकोडिंग, ४ जीबीच्या वरचे पत्ते वापरू देणारा बायोसमधला पर्याय. तुमच्या बोर्डावर ते अ‍ॅडव्हान्स्डमध्ये किंवा पीसीआय सबसिस्टिम सेटिंग्जमध्ये असेल. नसेल तर बायोस जुना आहे. २०२१ च्या आसपास रिसाइझेबल बारसाठी (पत्त्याची खिडकी मोठी करायची सोय) जे बायोस अपडेट आले, त्यांतून अनेक बी४५० बोर्डांवर हा पर्याय उघडला. अपडेट करताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा, यूपीएस असेल तर उत्तम.

क्रम महत्त्वाचा आहे:

१. पी४० बाहेर काढा. फक्त जीटी ७१० वर मशीन सुरू करा.

२. विंडोज जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर डिस्कवर बसवलंय का ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा. असेल तर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करताच ते बूट होणार नाही. विंडोज १० मध्ये डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. आधी व्हॅलिडेट, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. बॅकअप घेऊन.

३. बायोसमध्ये सीएसएम बंद, अबव्ह ४जी डीकोडिंग चालू. रिसाइझेबल बार सध्या बंदच ठेवा, त्याची इथे गरज नाही.

४. पी४० न लावताच दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होतात का पाहा. या पायरीवर काळा स्क्रीन आला तर दोष डिस्प्लेच्या कार्डाचा. जीटी २१० सारख्या जुन्या कार्डांत यूईएफआयचं (नव्या बूट पद्धतीचं) फर्मवेअर नसतं, सीएसएम बंद झालं की ती मुकी होतात. जीटी ७१० सहसा चालतं, पण प्रत्येक उत्पादकाची हमी नाही.

५. आता मशीन बंद, भिंतीवरचा स्विच बंद, पी४० पहिल्या स्लॉटमध्ये.

डिस्प्ले कुठल्या कार्डावर येईल ही काळजी नको. पी४० स्वतःची ओळख थ्रीडी कंट्रोलर अशी देतं, व्हीजीए म्हणून नाही, त्यामुळे बायोस स्क्रीन जीटी ७१० कडेच देतो.

एक खोच: सीमॉस (बायोसची सेटिंग्ज साठवणारी मेमरी) क्लिअर केलं की ही सगळी सेटिंग्ज जातात आणि पुन्हा काळा स्क्रीन. सीआर२०३२ सेल संपत आला असेल तरी तेच. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय असते, तेव्हा बोर्ड पूर्ण त्या सेलवर जगतो. चार महिने नीट चाललेलं मशीन एका सकाळी अचानक काळं झालं तर कार्डाआधी सेल बदला.

अर्धाकप

दोघांचेही आभार. सीपीयूची दुसरी केबल खोक्यात होतीच. बायोस अपडेट केला, पर्याय सापडला, आता डिस्प्ले येतो. उबंटूत एलएसपीसीआय (लागलेल्या कार्डांची यादी देणारी आज्ञा) केलं की पी४० दिसतं. पण एनव्हीडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा) म्हणतं की एकही डिव्हाइस सापडलं नाही. ड्रायव्हर ५८०-ओपन घातलाय, कारण सिस्टिमने तोच सुचवला. विंडोजमध्ये अजून हात घातलेला नाही.

शून्यपीठ

ओपन हाच घोळ. एनव्हीडियाच्या ओपन कर्नल मॉड्यूलना कार्डावर जीएसपी नावाचा प्रोसेसर लागतो आणि तो ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांतच आहे. पी४० त्याआधीच्या पास्कल पिढीचं आहे, २०१६ चं. डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) एनव्हीआरएमने सुरू होणाऱ्या ओळी वाचा, हेच कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं असेल. ओपन काढून त्याच ५८० चा साधा, बंद स्रोताचा ड्रायव्हर घाला.

५८० च घाला, त्याच्या पुढचा नको. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्या चालवणारी ही शेवटची शाखा आहे. उबंटूने पुढे कधी ५९० किंवा वरचा ड्रायव्हर ओढून आणला तर कार्ड पुन्हा गायब होईल. म्हणून पॅकेज होल्डवर (आपोआप अपडेट होणार नाही असं) ठेवा. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर रोखणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर घालताना पासवर्ड विचारतो आणि पुढच्या रीबूटला निळ्या पडद्यावर ड्रायव्हरच्या सहीची डिजिटल किल्ली (की) एनरोल करायला सांगतो. तो पडदा घाईत पुढे ढकलला तर मॉड्यूल लोड होत नाही आणि तुम्ही पुन्हा इथे येता.

आता दुसरा पेच, जो तुम्हाला अजून दिसलेला नाही. जीटी ७१० त्याहून जुन्या केप्लर पिढीचं आहे. केप्लर ४७० शाखेवर थांबलं, ५८० त्याला ओळखत नाही, आणि लिनक्समध्ये एनव्हीडियाच्या दोन शाखा एकत्र नांदत नाहीत. ४७० दोन्ही कार्डं चालवते खरी, पण ती बंद पडलेली शाखा आणि कूडा (कार्डावर गणना करायची एनव्हीडियाची प्रणाली) ११.४ वर अडकलेली. त्या वाटेने जाऊ नका. ५८० घातल्यावर नूव्हो (लिनक्समधला मुक्त ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट होतो आणि जीटी ७१० बूटच्या वेळच्या फ्रेमबफरवर राहतं: चित्र दिसतं, एकाच रिझोल्यूशनला, आणि खिडकी हलवली तरी रखडतं. मशीन एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून) वापरणार असाल तर एवढं पुरे. समोर बसून वापरायचं असेल तर जीटी ७१० च्या जागी जीटी १०३० घ्या. तेही पास्कल, ५८० वरच चालतं, ३० वॉटचं, वेगळी वायर लागत नाही. किंवा एएमडीचं आरएक्स ५५०, मग दोन ड्रायव्हरांचा संबंधच उरत नाही. मी एएमडी घेईन.

विंडोजबद्दल थोडक्यात: तिथे पी४० टीसीसी (फक्त गणनेच्या) मोडमध्ये येतं, टास्क मॅनेजरच्या ग्राफिक्स यादीत दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे. कूडाचं काम होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ दिसला तर अबव्ह ४जी पुन्हा बंद झालंय असं समजा.

वायरमन४२

ड्रायव्हर लागला की लगेच मॉडेल चालवायची घाई नको, आधी पंखा. हे कार्ड सर्व्हरच्या वाऱ्याच्या बोगद्यात बसण्यासाठी बनलंय. कॅबिनेटचा पंखा समोरून वारा फेकतो तो दाट पात्यांच्या हीटसिंकमध्ये (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्यात) शिरतच नाही, बाजूने निघून जातो. भार दिला की काही मिनिटांत तापमान ९० कडे आणि कार्ड स्वतःहून वेग पाडतं.

वारा वीज-सॉकेटच्या टोकाकडून आत, ब्रॅकेटच्या जाळीतून मशीनबाहेर. त्या टोकाला थ्रीडी प्रिंट केलेली नळी आणि तिला पंखा. नळीला वीज-प्लगसाठी खाच हवी, नाहीतर एकतर पंखा लागतो किंवा वीज. कार्ड २६.७ सेंटिमीटर, त्यापुढे पंखा आणि नळी मिळून आणखी ६ ते १० सेंटिमीटर. कॅबिनेट आधी टेपने मोजा.

पंख्याचे पर्याय:

९७ मिमीचा ब्लोअर (९७३३ या मापाने मिळतो): माझी पहिली पसंती. दाब चांगला. पण लेबलवरचे अँपिअर वाचा. बोर्डाचा फॅन हेडर सहसा १ अँपिअरचा असतो आणि यातले काही ब्लोअर २ च्या वर ओढतात. १२ व्होल्ट एसएमपीएसच्या मोलेक्स प्लगवरून घ्या, हेडरवरून फक्त पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारी) आणि टॅको (वेग मोजणारी) या वायरी.

४० मिमीचे दोन सर्व्हर पंखे: थंड करतात, पण त्या खोलीत फोनवर बोलता येणार नाही.

१२० मिमीचा साधा पंखा आणि निमुळती नळी: शांत. दाब कमी, त्यामुळे पूर्ण २५० वॉटला पुरत नाही.

नळी पीएलए प्लास्टिकमध्ये छापू नका, ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. पीईटीजी किंवा एबीएस. कार्ड आणि नळीतल्या फटीला फोमची चिकटपट्टी. फट राहिली तर अर्धा वारा तिथूनच पळतो.

करडई

१२० मिमीला एवढं नाकारायला नको. वॉट कमी केले तर तो पुरतो. पी४० ची वीजमर्यादा १२५ ते २५० वॉट अशी बदलता येते: एनव्हीडिया-एसएमआय -पीएल १५०. टोकन (मजकुराचे तुकडे) निर्माण होताना कार्ड गणनेत अडत नाही, मेमरीच्या वेगात अडतं, म्हणून १५० वॉटला त्या वेगात फारसा फरक पडत नाही. लांबलचक प्रॉम्प्ट वाचताना आणि ब्लेंडरमध्ये मात्र फरक पडतो. ही मर्यादा रीबूटला पुसली जाते, तेव्हा सिस्टिमडीची (लिनक्स सुरू होताना आपोआप चालणारी) छोटी सर्व्हिस करून ठेवा.

आणि पंखा सीपीयूच्या तापमानावर चालवू नका, सगळे इथेच फसतात. मॉडेल कार्डावर चालतं, सीपीयू थंड असतो, बोर्डाला वाटतं सगळं निवांत आणि पंखा मंद. एकतर पंखा ठरावीक वेगावर बांधा किंवा दर पाच सेकंदांनी कार्डाचं तापमान वाचून पीडब्ल्यूएम लिहिणारी दहा ओळींची स्क्रिप्ट ठेवा. स्क्रिप्ट बंद पडली तर पंखा पूर्ण वेगात जाईल, असंच लिहा.

वायरमन४२

१५० वॉटला १२० मिमी, मान्य. विदर्भात असाल तर एप्रिल-मेमध्ये हे मानणार नाही. खोलीच ४० अंशांवर असेल तर जी काही सूट होती ती हवेनेच खाल्लेली असते. तिथे ब्लोअर.

शून्यपीठ

ड्रायव्हर लागल्यावर आधी दोन गोष्टी करा.

एनव्हीडिया-एसएमआय -क्यू मध्ये रिटायर्ड पेजेस पाहा. जुन्या कार्डाची खराब मेमरी तिथे नोंदलेली असते. शून्य असेल तर छान. आकडा असेल आणि ताणाच्या चाचणीनंतर वाढत असेल तर परतीची मुदत संपायच्या आत कार्ड परत करा. ही नोंद ईसीसी (मेमरीतल्या चुका पकडणारी सोय) चालू असतानाच होते, म्हणून चाचणी आधी, ईसीसी बंद नंतर.

मग ईसीसी बंद: -ई ०, आणि रीबूट. पी४० वर ईसीसी त्याच जीडीडीआर५ मधून जागा खातं. चालू असताना २३०४० एमबी दिसतात, बंद केल्यावर २४५७६. हा दीड जीबी भाषा-मॉडेलच्या कॉन्टेक्स्टला (एका वेळी लक्षात ठेवायच्या मजकुराला) फार उपयोगी पडतो.

सॉफ्टवेअरची निवड विचारपूर्वक करा. या कार्डावर एफपी१६ चा (१६ बिटी दशांश गणनेचा) वेग एफपी३२ च्या (३२ बिटी गणनेच्या) १/६४ आहे, म्हणजे जवळपास नाहीच. जी साधनं एफपी१६ वर उभी आहेत ती इथे रांगतात आणि लोक कार्डाला शिव्या देतात. लामा.सीपीपी (भाषा-मॉडेल चालवणारा प्रोग्राम) ८ बिटांच्या पूर्णांकांवर गुणाकार करतं, ते पी४० ला जमतं. चित्रं बनवायची साधनं वापरलीत तर गणना एफपी३२ ला सक्तीने लावा.

पायटॉर्च (मॉडेल चालवायची पायथन लायब्ररी) घेताना कूडा १२.६ साठी बांधलेली आवृत्ती घ्या. कूडा १२.८ साठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांतून पास्कल काढलंय. कार्ड दिसतं, मेमरी दिसते, पण पहिल्याच गणनेला कर्नल इमेज उपलब्ध नाही अशी चूक येते. लामा.सीपीपी स्वतः कंपाइल करणार असाल तर कूडा १२ चंच टूलकिट घाला, १३ पास्कलसाठी कंपाइलच करत नाही. आर्किटेक्चर ६१ (पी४० चा क्रमांक) द्या.

वेगाची अपेक्षा किती ठेवायची ते कागदावर काढता येतं. दर टोकनला जवळजवळ पूर्ण मॉडेल मेमरीतून एकदा वाचावं लागतं. मेमरीचा वेग सेकंदाला ३४६ जीबी. ९ जीबीचं मॉडेल असेल (१४ अब्ज पॅरामीटर, ४ बिट) तर कमाल मर्यादा सेकंदाला ३८ टोकन. २० जीबीचं असेल (३२ अब्ज, ४ बिट) तर १७. प्रत्यक्षात यापेक्षा बरंच कमी मिळतं, पण याच्या चौथ्या हिश्शावर अडकलात तर काहीतरी चुकलंय. बहुधा काही थर सीपीयूवर राहिलेले असतात.

अर्धाकप

साधा ५८० घातला, कार्ड दिसलं. रिटायर्ड पेजेस शून्य. आरएक्स ५५० मागवलं, तोवर एसएसएच. मर्यादा १५० वॉट, पंखा ९७ मिमीचा ब्लोअर, १२ व्होल्ट मोलेक्सवरून. मॉडेल चालताना ६८ अंश.

दोन राहिलेल्या शंका: मॉडेल नुसतं भरून ठेवलं, काही विचारलं नाही, तरी कार्ड ५० वॉट ओढतं. बिघाड आहे का? आणि ६०० व्हीएचा यूपीएस यावर चालेल का?

शून्यपीठ

बिघाड नाही. मेमरीत काही भरलेलं असलं की पी४० पी० या सर्वात वेगवान अवस्थेत अडकून बसतं. मॉडेल उतरवलं की १० वॉटच्या आसपास येईल. एनव्हीडिया-पीस्टेटेड नावाची छोटी सेवा आहे, ती काम नसताना कार्डाला पी८ या मंद अवस्थेत ढकलते. मॉडेल दिवसभर भरून ठेवणार असाल तर ती घाला.

वायरमन४२

६०० व्हीएचे साधे यूपीएस सहसा ३६० वॉटचे असतात. कार्ड १५०, रायझन ३६०० पूर्ण भारावर ९० च्या आसपास, बोर्ड, रॅम, एसएसडी, ब्लोअर आणि डिस्प्लेचं कार्ड मिळून ६०-७० धरा, वर एसएमपीएसचा तोटा. साधारण ३४० होतात. मॉनिटर त्याच यूपीएसवर असेल तर वीज गेल्या क्षणी यूपीएस ओरडून बंद पडेल. १००० व्हीए घ्या. तोवर मर्यादा १२५ वर आणा आणि मॉनिटर वेगळ्या सॉकेटवर लावा.

आणि ब्लोअर मोलेक्सवर आहे तर पीडब्ल्यूएमची वायर निघाली तर तो पूर्ण वेगात जातो की थांबतो ते एकदा मशीन सुरू असताना हेडरवरून प्लग काढून बघा. ४ पिनचे बहुतेक पूर्ण वेगात जातात. थांबणारा असेल तर तो बदला.